गोळ्या गिळून कोकेन नेणारीला मराठीत काय म्हणावं?

खाडीपलीकडची
आमच्या वाचनालयात 'मारिया फुल ऑफ ग्रेस' (२००४) दाखवायचा आहे आणि त्याची मराठी उपशीर्षकं मी करते आहे. जोशुआ मार्स्टनचा हा पहिला मोठा चित्रपट, संवाद बहुतेक स्पॅनिश. मारिया झालेल्या कातालिना सान्दिनो मोरेनोला यासाठी ऑस्करचं नामांकन होतं, तरी आपल्याकडे तो पाहिलेलं फारसं कुणी भेटत नाही. कोलंबियात गुलाबाच्या देठांचे काटे काढणारी सतरा वर्षांची मुलगी. दिवस गेलेले, नोकरी सोडलेली. ती कोकेनच्या गोळ्या गिळून विमानाने न्यूयॉर्कला जाते. अशा माणसाला स्पॅनिशमध्ये 'मूला' म्हणतात, म्हणजे खेचर. मसुद्यात मी 'तस्कर' लिहिलंय. बाबा म्हणतात, "तस्कर म्हणजे ज्याचा माल तो. ही पोर नुसती ओझं वाहते." आई म्हणते, पेपरात विमानतळावर पकडलेल्या प्रत्येकाला तस्करच म्हणतात. लांबलचक वर्णन पडद्यावर बसत नाही. एकच शब्द सुचवा.

निरुक्त
सरळ 'खेचर' घ्या. जनावराचं नाव खच्चरशी जोडलेलं असलं, तरी संस्कृतात 'खे' म्हणजे आकाशात आणि 'चर' म्हणजे फिरणारा. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर आठवा. ओझं वाहणारं जनावर आणि आकाशातून जाणारा, दोन्ही अर्थ एका शब्दात. विमानाने माल नेणाऱ्या मारियाला याहून नेमका शब्द नाही.

रापणकर
खयच्या गावात बघलास खेचर? आमच्याकडचं मीठ आणि सुकी मासळी घाटावर गेली ती बैलांच्या पाठीवरून. कोकणातल्या प्रेक्षकाला खेचर म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आणि विसोबांचं नाव या धंद्याला चिकटवू नका, हात जोडून सांगतो.

जुनी जकात
माझे वडील कस्टममध्ये होते, सगळी नोकरी किनाऱ्यावर. सत्तरच्या दशकात दुबईकडून सोनं आणि घड्याळं यायची, इकडून चांदी जायची. त्यामुळे या धंद्याची भाषा मी घरात ऐकली आहे. माल किनाऱ्याला लागला की 'लँडिंग'. रात्री छातीभर पाण्यात उतरून पेट्या बाहेर काढणारे गडी गावातलेच असत. त्यांना गावात कुणी स्मगलर म्हणत नसे, 'उतरवायला गेलेला' एवढंच म्हणत. स्मगलर मुंबईत बसलेला. आणि विमानातून अंगावर सोनं लपवून आणणारा तो 'कॅरिअर'. तेव्हा तुमच्या बाबांचं बरोबर आहे: धंद्यातल्या माणसांनी हा फरक नेहमीच पाळला. 'कॅरिअर' लिहा. पन्नास वर्षं आपण वापरतो, आता तो मराठीच.

देवगडची मास्तरीण
कॅरिअर म्हटलं की माझ्या विद्यार्थ्यांना सायकलचं कॅरिअर दिसतं, नाहीतर नोकरीतली बढती. सावरकरांनी रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीची चळवळ चालवली. 'चित्रपट' आणि 'दिग्दर्शक' हे शब्द आपण त्यांच्यामुळे बोलतो. त्याच कोकणात चित्रपट दाखवताना आपण कॅरिअर लिहायचं? आपल्याकडे 'हेलकरी' आहे. हेल म्हणजे ओझं. माझी आजी विहिरीवरून पाण्याचे हेल घालायची, मानेला कायमचा बाक आला होता. 'हेलपाटा'ही त्याच घरातला, असं मी मानते. दुसऱ्याचं ओझं वाहून झिजणारं माणूस या शब्दात आहे.

जुनी जकात
बाई, 'माल' अरबी, 'जकात' अरबी, 'तारीख' अरबी. ते काढून टाकलेत तर बाजारात तोंड उघडता येणार नाही. आजीबद्दल आदर आहे, पण पडद्यावरची ओळ दोन-तीन सेकंदांत जाते. तेवढ्यात माझ्या मुलाने 'हेलकरी' कोशात बघायचा का?

देवगडची मास्तरीण
बघू दे की. 'दिग्दर्शक'सुद्धा कधीतरी पहिल्यांदा वाचावा लागलाच होता.

रापणकर
माणसाला नाव कशाला हवं? 'खेप' घ्या. खेप म्हणजे फेरीही आणि त्या फेरीत नेलेलं ओझंही. 'ती खेप घेऊन गेली.' शेंबड्या पोरालाही कळेल.

खाडीपलीकडची
'खेप' मनात बसला. पण मारियाला हे काम सुचवलं जातं तिथे 'मूला' हा शब्द माणसाचं नाव म्हणूनच येतो. ऐकताक्षणी तिला अर्थ कळतो, बघणाऱ्यालाही कळला पाहिजे.

औषधवाला, चिपळूण
तुम्ही माणसाचं नाव शोधताय, मला पदार्थाच्या नावाचीच अडचण आहे. नशेच्या पदार्थांवरच्या १९८५च्या कायद्याच्या मराठी नावात 'गुंगीकारक' शब्द आहे आणि कोकेन त्यात येतं. कोकेन गुंगी आणत नाही, झोप उडवतं. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत ते वापरलं ते जागा बधिर करायला. पोटात गोळी फुटली तर माणूस पेंगत नाही. हृदय बेफाम धावतं, झटके येतात आणि जीव जातो. त्या कायद्यात १०० ग्रॅमच्या वर कोकेन म्हणजे व्यापारी प्रमाण, शिक्षा किमान १० वर्षं. ती वजनावर ठरते, माल कुणाचा यावर नाही. म्हणजे कोर्टात तुमच्या आईचंच खरं.

निरुक्त
म्हणून 'अमली' बरा. पण तो 'अंमली' हवा. मूळ अरबी 'अमल', मराठीत झाला 'अंमल'. 'पेशव्यांचा अंमल' लिहिताना अनुस्वार देता, मग नशेच्या अंमलावरचा का पुसता?

देवगडची मास्तरीण
'मादक' असताना अंमल कशाला?

औषधवाला, चिपळूण
मादक तर ताडीही. पोलिसांच्या पथकाच्या पाटीवर 'अमली' आहे, तेच राहू दे.

सावंतवाडीकर
चित्रपटाच्या नावाचं काय केलंत? ते मरियामातेच्या प्रार्थनेतून घेतलंय. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात संध्याकाळी कोंकणीतून म्हणतात, 'नमान मरिये, कुर्पेन भरल्ले'. तेव्हा 'कृपेने भरलेली मारिया' करा. 'कृपापूर्ण' वगैरे नको. हिच्या पोटात मूल आहे आणि ६२ गोळ्याही आहेत. 'भरलेली' हाच शब्द तिथे लागतो.

खाडीपलीकडची
हे नाव घेतलं. संवादातल्या त्या शब्दासाठी अजून थांबते, शनिवारी मसुदा द्यायचा आहे.

निरुक्त
आणि अनुस्वाराचं?