नवीन गाडी हवीय पण टीव्ही नको, बीपबीप नको. काय घ्यावं?

विटेकर_पुण्यात

मंडळी जरा सल्ला पाहिजे. आमच्या आप्पांची (वडील, वय ६९, विट्याला असतात) २००६ ची मारुती ८०० यंदा परत पासिंगला आलीय. वीस वर्षं झालेल्या गाडीची नूतनीकरणाची फीच आता १० हजार झालीय, वर ग्रीन टॅक्स, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा एवढा सडलाय की मॅट उचललं की खालचा रस्ता दिसतो. त्यामुळे आप्पा कसेबसे नवीन गाडीला तयार झालेत.

मागच्या रविवारी एका शोरूमला घेऊन गेलो (नाव सांगत नाही). पोरानं डायरेक्ट टॉप मॉडेल काढलं, गाडीला काहीतरी बोललं की सनरूफ उघडतं वगैरे दाखवलं. आप्पा गप्प. मग टेस्ट ड्राइव्हला बायपासला गेलो, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, आप्पांनी त्यांच्या सवयीप्रमाणे इंडिकेटर न देता गाडी पांढऱ्या पट्टीबाहेर काढली तर स्टेअरिंग आपोआप परत आत ओढायला लागलं. आप्पा घाबरले नाहीत, चिडले. गाडी कडेला घेतली, बंद करायला किल्लीकडं हात नेला तर तिथं किल्लीच नाही. तो हात तसाच डॅशबोर्डखाली चाचपडत होता ते बघून मलाच कसंतरी झालं. एसी कमी करायचा तर तोही स्क्रीनमध्ये शिरून. "ही गाडी चालवायची का हिच्याशी भांडायचं?" म्हणाले आणि खाली उतरले. परत येताना मीच चालवली.

तर हवं काय: एसी हवा, पॉवर स्टेअरिंग हवं (खांदा दुखतो), किल्ली हवी, फिरवायची बटणं हवीत, ओढायचा हँडब्रेक आणि स्टेपनी हवी. रोज २०-२२ किलोमीटर, गावातनं मळ्यात आणि परत, महिन्यातनं एकदा सांगली. गुडघे पण कुरकुरतात. ऑन रोड ७ लाखांच्या आत. अशी गाडी नवीन मिळते का आता, का सेकंडहँडच बघू?

पाना_१०_१२

रामराम दादा. २२ वर्षं गॅरेज आहे माझं म्हणून सांगतो, पहिलं हे डोक्यातनं काढा की बिनकॉम्प्युटरची नवीन गाडी मिळेल. मिळणार नाही, कायद्यानंच नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नवीन गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं) आलं. त्याच वर्षी जुलैपासून ड्रायव्हर एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, बेल्टची घंटी आणि ८० च्या पुढं गेलं की वाजणारं ते बीप, जे १२० च्या पुढं थांबतच नाही. २०२० ला बीएस६ (धुराचा कडक नियम) आलं आणि २०२३ ला त्याचा दुसरा टप्पा, ज्यात गाडी स्वतःचा धूर स्वतःच तपासत बसते. आल्टो ८०० बनवायची तिथंच बंद झाली. आणि खरं सांगू का, आप्पांच्या २००६ च्या ८०० मध्ये पण एमपीएफआय (कॉम्प्युटरनं मोजून पेट्रोल फवारणारं) इंजिन आहे म्हणजे कॉम्प्युटर तिच्यातही आहे. आप्पांना सांगू नका फक्त.

मी गिऱ्हाइकांना काय सांगतो, जे आत गुपचूप काम करतं त्याला घाबरू नका. एबीएस, एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारं), हे तुम्हाला वर्षभर दिसत पण नाही. ओबीडीला (गाडीतला बिघाड नोंदवून ठेवणारी सिस्टिम) पण घाबरू नका, स्कॅनर आता विट्यात पण कुठल्याही बऱ्या गॅरेजला असतो, उंदरानं वायर कुरतडली तर मिनिटात कळतं कुठली ते. त्रास देतं ते हाताखालचं. एसी स्क्रीनमध्ये असेल तर स्क्रीन गेली की एसी पण गेला. हेडलाइट एलईडीची सीलबंद असेल तर बल्ब बदलायची सोय नाही, अख्खी लाइट घ्या, हॅलोजनचा बल्ब दहा मिनिटात बदलून देतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर मागचे ब्रेकपॅड बदलायला पण आधी स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडला टाकावी लागते. आणि बॅटरी पार बसली तर तो ब्रेक सुटतच नाही, गाडी ढकलून कडेला घ्यायची पण सोय राहत नाही. मागच्या पावसाळ्यात एक अशी गाडी आमच्या दारात चार तास आडवी होती, दूधवाल्याचा टेम्पो पलीकडं अडकला, सगळी आळी माझ्या नावानं बोंबलत होती.

म्हणून खालची व्हेरिएंट बघा. आल्टो के१० किंवा वॅगनआर, दोन्हीत एलएक्सआय. दोन्ही १ लिटर इंजिन, गावोगाव पार्ट मिळतात, कंपनीकडनं डेकच येत नाही म्हणजे स्क्रीनचा विषयच नाही. गुडघे म्हणताय तर वॅगनआर. उंच आहे, आत शिरताना खाली बसावं लागत नाही, ढुंगण टेकवलं की बसला माणूस. आणि वॅगनआरला स्पीडचा काटा आहे, आल्टोत आता नुसते आकडे दिसतात, म्हाताऱ्या माणसांना काटा बरा वाटतो असा माझा अनुभव.

सह्याद्री_डिझेल

बोलेरो बी४. विषय संपला. किल्ली आहे, लोखंड आहे, शिडीच्या चासीवर बांधलीय, आपल्या नाशकात बनते. २००० सालापासून चाललीय, गावातला पोरगा पण रिपेर करतो. जीएसटी कमी झाल्यापासून अजून स्वस्त झालीय.

पाना_१०_१२

@सह्याद्री_डिझेल भाऊ बोलेरो भारीच, माझ्या भावाकडं आहे. पण रोज २० किलोमीटर आणि तेही गावातल्या गावात, बीएस६ डिझेल घेऊन करायचं काय? डीपीएफ म्हणजे सायलेन्सरमधली काजळीची जाळी, ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेला एका लयीत पळायला लागते. मळ्यात जाऊन येणाऱ्या गाडीची जाळी तुंबते, लाइट लागते, मग येतात माझ्याकडं आणि म्हणतात नवीन गाडी असून असं कसं. परत बोलेरोत चढायला लागतं, गुडघे दुखतात लिहिलंय वरती. आणि ७ लाखात बसतच नाही ती.

नाशिकची_ताई

दादा गाडी कुठली ते ठरवाल, पण खरी लढाई शोरूममध्ये आहे. मी गेल्या वर्षी आईसाठी बेस मॉडेल घेतलं (कुठल्या कंपनीचं ते राहू दे). पहिल्या दिवशी सांगितलं बेस मॉडेल बंद झालंय. मी तिथंच फोनवर कंपनीच्या वेबसाइटवरचं ब्रोशर उघडून दाखवलं तर म्हणाले हो आहे पण तीन महिने वेटिंग. दुसऱ्या शोरूमला बारा दिवसात मिळाली. तर दोन-तीन ठिकाणी फिरा आणि बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव आणि रंग लिहून घ्या. नुसतं गाडीचं नाव लिहिलेली पावती घेऊ नका. कोटेशनमध्ये ॲक्सेसरी पॅकेज, कोटिंग, हँडलिंग चार्ज अशा ओळी असतात त्या एकेक करून खोडायला लावा, इन्शुरन्स बाहेरून किती बसतो ते आधी विचारून जा. आपल्याकडे १० लाखांच्या आतल्या पेट्रोलला रोड टॅक्स ११ टक्के, तो हिशोब घरूनच करून गेलात की ऑन रोडचा आकडा फुगवलेला लगेच दिसतो. मी वही घेऊन गेले होते, तो पोरगा माझ्यापेक्षा त्या वहीलाच जास्त घाबरत होता 😄

अजून एक, कुणीतरी तुम्हाला टूर एच१ सुचवेल, आल्टोचीच साधी गाडी आहे म्हणून. ती टॅक्सीवाल्यांसाठीची आहे, पिवळी पाटी आणि ८० ला स्पीड लॉक. घरच्या वापराला नाही.

डोंबिवली_फास्ट_लोकल

सगळे साधी साधी म्हणताय पण मी जरा उलटं बोलतो. माझ्या वडिलांना मानेचा त्रास आहे, मागं वळून बघताच येत नाही, त्यांना रिव्हर्स कॅमेरा लावून दिला आणि सोसायटीच्या खांबाला घासायचं बंद झालं. तुमच्या आप्पांचा खांदा दुखतो म्हणताय, एकदा रिव्हर्स घ्यायला लावून बघा. नुसते सेन्सर ओरडतात, काय आहे ते सांगत नाहीत, कुत्रं आहे का बादली.

आणि सेफ्टीचं पण बघा राव. २०२३ ला ग्लोबल एनकॅपमध्ये (गाडी आपटून सेफ्टीचे स्टार देतात ती टेस्ट) वॅगनआरला १ स्टार आणि आल्टो के१० ला २ स्टार मिळालेले. तेव्हा दोनच एअरबॅग होत्या, २०२५ पासून ६ आल्यात हे मान्य, पण एअरबॅग वाढवून पत्रा जाड होत नाही. टियागोला २०२० ला ४ स्टार होते, तिचं खालचं व्हेरिएंट एकदा बघून तरी या.

पाना_१०_१२

टियागो बघा की, वाईट नाही, वजनाला पण भरीव आहे. फक्त बसून बघा, ती खाली आहे. कॅमेऱ्याचं म्हणाल तर आरशात दिसणारा बाहेरनं बसवून मिळतो, डॅशबोर्डला हात लावायला लागत नाही. पण वायर कापून जोडणाऱ्याकडं जाऊ नका, कपलर लावून जोडणारा बघा, नाहीतर पुढं काही इलेक्ट्रिकल झालं तर कंपनी वॉरंटीला हात वर करते.

श्टुटगार्टची_चाळ

इथे जर्मनीत बसून हे वाचताना हसू पण येतंय आणि हेवा पण वाटतोय. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नवीन गाडीला स्पीड लिमिटची पाटी ओळखून ओरडणारी सिस्टिम, लेन सोडली की आत ओढणारी सिस्टिम, आपोआप ब्रेक, सगळं कायद्यानं सक्तीचं आहे. बेस मॉडेल घ्या नाहीतर काही घ्या. स्पीडवालं ओरडणं बंद करता येतं पण गाडी परत चालू केली की ते परत चालू, म्हणजे रोज सकाळी आधी गाडीला गप्प करायचं आणि मग निघायचं. माझ्याकडे डाचिया आहे (आपल्याकडची २०१२ ची डस्टर मूळची यांचीच), तिच्यात एक बटण दोनदा दाबलं की मी आधी ठरवून ठेवलेलं सगळं एकदम बंद होतं, लोक त्या एका बटणासाठी ती गाडी घेतात म्हटलं तरी चालेल. आप्पांना सांगा अजून तरी भारतात वेळ गेलेली नाही, घेऊन टाका.

विटेकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार, अपडेट देतो. टियागो बघितली, आप्पांना दार लावल्याचा आवाज फार आवडला, चारदा लावलं. पण उतरताना गुडघ्याला हात लावला ते मी बघितलं. मग वॅगनआर एलएक्सआय. पहिल्या शोरूमला "सर एलएक्सआय कोणी घेत नाही", ताईंचा सल्ला आठवून दुसरीकडं गेलो, तिथं मागं यार्डात एक पांढरी धूळ खात उभी होती. आप्पा बसले, किल्ली फिरवली, एसीचं बटण डावीकडं उजवीकडं फिरवून बघितलं, परत डावीकडं. मग खाली उतरून बॉनेट उघडायला लावलं आणि डिपस्टिक काढून रुमालानं पुसून ऑइल बघितलं. नवीन गाडीचं! पोरगा बघतच राहिला. स्टेपनी आणि जॅक बघितल्यावर म्हणाले "हां, ही गाडी हाय."

स्टारचा मुद्दा माझ्याही डोक्यात होता, घरी त्यावर वाद पण झाला. पण आप्पा ६० च्या वर जातच नाहीत आणि सांगलीला जायचं तर आता मी ड्रायव्हर करून देणार असं ठरलंय (त्यांना अजून सांगितलं नाही). बुकिंग केलं, पावतीवर व्हेरिएंट लिहून घेतलं. एकच तक्रार राहिलीय, शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी बेल्टसाठी बोंबलते म्हणे. आईला मागं बसायची सवय आहे, पुढं पिशवीच असते.

@पाना_१०_१२ एक विचारायचं होतं. आप्पांना ८०० मधला जुना कॅसेट डेक काढून यात बसवायचाय. बसेल का? घरात दोनशे कॅसेट आहेत, भजनं जास्त.

पाना_१०_१२

बसवता येईल. आताच्या गाडीला खण मोठा असतो आणि तुमचा डेक जुन्या मापाचा, मधी फ्रेम लागंल आणि कपलर नवा करायला लागंल. स्पीकर आधी बघून घ्या. डेकचा बेल्ट सैल झाला असणार, भजन रडल्यासारखं वाजत असेल तर तोच बदलायचा, यायच्या आधी एक कॅसेट लावून ऐकून या.