एजंटशिवाय इंग्लंडला जाता येतं

ताई, तुमच्या भाचीकडे राजारामपुरीतला एजंट इंग्लंडमधल्या नर्सच्या नोकरीसाठी तीन लाख मागतोय आणि इथे बऱ्याच जणांनी "एजंटशिवाय होतच नाही" असं सांगितलंय. होतं. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, जागा एनएचएस जॉब्स या संकेतस्थळावर उघड असतात, अर्ज थेट करता येतो. शिवाय तिथल्या भरतीच्या आचारसंहितेप्रमाणे नोकरीसाठी नर्सकडून फी घ्यायलाच मनाई आहे. मग हे तीन लाख कशाचे?

खरे कष्ट आधीचे आहेत. आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग एनएमसीची, म्हणजे ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणी संस्थेची, सीबीटी ही संगणकावरची परीक्षा (ही भारतात देता येते), ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे गेल्यावर. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणीही लागते, ते काम लवकर हातात घ्या. एवढी शिकलेली पोरगी हे सगळं स्वतः करू शकते, तिला घाबरवू नका. ऑफर आली की रुग्णालयाचं नाव ब्रिटन सरकारच्या परवानाधारक प्रायोजकांच्या (परदेशी कर्मचाऱ्यांना व्हिसासाठी प्रायोजित करू शकणाऱ्या संस्थांच्या) यादीत तपासा.

आखाताचं मात्र वेगळं. सौदी, कुवेतसारख्या देशांसाठी नर्सना २०१५ पासून ई-मायग्रेट या भारत सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतूनच परदेशी नोकरीला जाण्याची मंजुरी घ्यावी लागते. तिथे नोंदणीकृत एजंटलाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावतीवर. मूळ कागदपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका.