बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) मुलांना स्ट्रेचिंग कसं शिकवावं? सल्ला हवा

मैदानवाट:
नमस्कार मंडळी. यंदा प्रथम वर्षाला लवचिकतेचे तास माझ्याकडे आलेत. बरीचशी मुलं कबड्डीतली, अंगानं काटक, पण पुढे वाकली की बोटं नडगीपर्यंतच पोचतात. गेल्या आठवड्यात जोडीनं पश्चिमोत्तानासन (पाय लांब करून बसून पुढे वाकणं) चालू होतं. मागच्यानं पाठीवर भार टाकला आणि पुढच्याच्या मांडीमागे कळ गेली. अजून लंगडतोय बिचारा. फार लागलंय मला ते. जोडीचे प्रकार बंदच करू का?

खोखोवाली:
सर, जोडी ठेवा, ढकलणं बंद करा. ज्याचं शरीर, त्याच्याच हातात ताबा. मी मुलांना उताणं झोपवते. एक पाय सरळ वर, तळव्याला टॉवेल अडकवून ज्यानं त्यानं स्वतः ओढायचा. जोडीदार फक्त दुसरा पाय जमिनीवर टेकलेला राहतोय ना ते बघतो. ताण मांडीच्या मागच्या बाजूला, मधोमध जाणवायला हवा. गुडघ्यामागे किंवा बैठकीच्या हाडापाशी टोचलं, मुंग्या आल्या, की लगेच सैल सोडायचं. 15 ते 30 सेकंद धरायचं, दोन-तीनदा. श्वास अडकला म्हणजे जास्त ओढलंय.

आणि ताणताना हिसके का द्यायचे नाहीत, ते दाखवूनच द्या. टेबलावर पाय लोंबकळत बसवा, गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच ठोका. पाय आपोआप उडतो. स्नायू अचानक ताणला की तो बचावासाठी आवळतो. हिसक्यानंही तेच होतं. हे पाहिलं की मुलं पुन्हा उसळ्या मारत नाहीत.

जुना धावपटू:
ताईंशी सहमत. एक भर घालतो. मिनिटभर ताण धरून लगेच 100 मीटर पळवू नका, जोर कमी पडतो. आधी हलकी धाव, मग पाय झुलवणं, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं). धरून ठेवायचा ताण तास संपताना.

सिट अँड रीचचे (पाय लांब करून बसून हात किती पुढे पोचतो ते मोजायची चाचणी) आकडे वर्गात एकमेकांशी ताडू नका. लांब हात नि आखूड पाय असलेला आयताच पुढे जातो. ज्याचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशी लावा. ज्यांची कोपरं-गुडघे मुळातच उलटे वाकतात, त्यांना ताणाऐवजी ताकदीचे व्यायाम द्या.

त्या मुलाला मात्र सध्या अजिबात ताणू नका. फिजिओकडे न्या.

मैदानवाट:
आज संध्याकाळीच नेतो त्याला. उद्या सगळ्यांना टॉवेल आणायला सांगितलाय.