एक सूर, एक टीव्हीवरचं, एक घरातली वस्तू, एक वास: तुमचं सांगा (अनुभव धागा)

सांजवात
चतुर्थी तोंडावर आली म्हणून काल रंगारी बोलावले. वडिलांच्या खोलीतलं शिसवी कपाट दहा-बारा वर्षांत कुणी हलवलं नव्हतं. चौघांनी मिळून पुढे ओढलं तर मागे भिंतीला खिळा आणि खिळ्याला आईची कापडी पिशवी. आत वाळकी सुरंगी. रंग चहाच्या चोथ्यासारखा, बोट लावलं की चुरा. पण वास! रंगारी म्हणतो, "बाय, हांगा अत्तर सांडलां कितें?"

सुरंगी ठाऊक नसेल त्यांना: उन्हाळ्याच्या तोंडावर जुन्या फांद्यांना चिकटून कळे येतात. कळा मिटलेला असतानाच सकाळी काढायचा. फूल उमललं की मधमाश्या येतात नि वळेसराला (म्हणजे गजऱ्याला) ते उपयोगाचं राहत नाही. आई पेडण्याकडची. माहेराहून वळेसर आणायची, माळून झाला की सुकवून कपड्यांत ठेवायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच खिळ्याला आधी रेडिओ होता. आकाशवाणी पणजीवर अभिषेकीबुवांचं नाट्यपद लागलं की तिचा हात थांबायचा आणि तव्यावरची भाकरी करपायची.

तर वास आणि सूर झाले. घरातली वस्तू: तो खिळा, रंगाऱ्याला काढू दिला नाही. टीव्हीवरचं: दूरदर्शनची 'व्यत्यय' ही पाटी. हसू नका, मी अडखळत का होईना वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द तो.

आता तुमचं येऊ द्या. नियम काही नाहीत.

जायफळ
सुरंगी!!! रडवलंस गो. पेडण्यात कुठे? आमचं पार्से.

सांजवात
मांद्रे. म्हणजे आपण शेजारीच.

म्हापशेकर
टीव्ही म्हटल्यावर मला पाडेली आठवतो. आमचं कौलारू घर, गच्ची कुठली, अँटेना माडाला बांधलेला. वारा सुटला की तो फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या. बाबा काही माडावर चढणारे नव्हेत, त्यामुळे नारळ पाडायला पाडेली येईल तेव्हाच चित्र सरळ व्हायचं. दोन-दोन, तीन-तीन महिने आम्ही मुंग्या बघितल्यात आणि आवाजावरून गोष्ट ओळखलीय. १९८७ ला रविवारचं रामायण लागायला लागलं तेव्हा आजीने त्याला खास बोलावणं धाडलं, "नारळ नकोत, राम दाखव." त्याने राम दाखवला आणि वर चार नारळ जास्त नेले.

वास: शुक्रवारचा बाजार. खारे बांगडे, आबोली आणि नवी मडकी, तिन्ही एकदम.

पुण्यातली डिचोलीकरीण
श्रावणात खाऱ्या बांगड्यांचं नाव काढू नका हो, पाप लागेल.

म्हापशेकर
खाल्ले नाहीत, फक्त हुंगले. हुंगण्याचं पाप नाही.

काजूमळा
वास एकच. मार्च-एप्रिलात दुपारी मळ्यात शिरलं की पडलेल्या काजूच्या बोंडूंचा जो आंबटगोड, नाकात चिकटणारा वास येतो तो. आजोबांची भट्टी होती. बिया पिळून वेगळ्या करायच्या आणि बोंडू कोळंबीत तुडवायचे. उरलेल्या चोथ्याचा पिंडो करून वर दगड ठेवला की थेंब थेंब गळतो तो नीरो. तो आम्हा पोरांचा. रस आंबवून भाणात चढवायचा, पहिल्या धारेचा उराक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आजोबा म्हणाले, "आतां सरकाराकूय वास आयलो." शाळेत मात्र माझ्या सदऱ्याला तो वास यायचा म्हणून बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तेव्हा लाज वाटायची. आता शहरात राहतो, उन्हाळ्यात गावी गेलो की सदरा मुद्दाम भट्टीजवळ वाळत घालतो.

पुण्यातली डिचोलीकरीण
बाकी सगळं कळलं, पण माझा नवरा इथला, तो विचारतोय कोळंबी पायांनी का तुडवता?

काजूमळा
सुंगटां न्हय गो! खडकात कोरलेली किंवा सिमेंटची बांधलेली जागा असते तुडवायला, तिला कोळंबी म्हणतात. नवऱ्याला सांग, दोन्ही चांगल्या, पण एकत्र नको.

पुण्यातली डिचोलीकरीण
तो म्हणतो एकत्रच छान लागेल.

केरीची भाची
सूर म्हणजे केसरबाई. आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत जी ध्वनिमुद्रिका अवकाशात पाठवली तीत त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. एक यान ऑगस्टात उडालं, दुसरं सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. माझे काका हे प्रत्येक मुंजीत, लग्नात, बारशात सांगतात. कुणी मध्ये तोडलं तर म्हणतात, "यान थांबलं नाही, मी कशाला थांबू?" लहानपणी कंटाळा यायचा. गेल्या वर्षी काकांना अर्धांगाचा झटका आला, बोलणं गेलं. आता जेवताना मीच ती गोष्ट सांगते आणि ते बोटाने "पुढे, पुढे" करतात. तारीख चुकले की भुवई वर.

टीव्ही, वस्तू नंतर लिहिते, कुकर लागलाय.

जायफळ
काकांना नमस्कार सांग. फिजिओ चालू आहे ना? आमच्या सासऱ्यांना सहा महिन्यांनी शब्द फुटले होते. धीर धरा.

साळावलीपार
केसरबाई थोरच, पण सूर म्हटलं की आमच्या घरी गायिका मोगुबाई कुर्डीकर. माझे सासरे कुर्डीचे. साळावली धरणात गाव गेलं, लोक वाडें आणि वालकिणीला आले. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. सोमेश्वराच्या देवळाकडे सगळे जमतात, जुनी माणसं काठीने दाखवतात, हे अमक्याचं जोतं, ही बाव, इथे मोगुबाईंचं घर. गाळ वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात. तो वास मला कुठेच दुसरीकडे मिळाला नाही. शेवाळ, गंज आणि ऊन.

आता घरातली वस्तू. एके वर्षी सासऱ्यांना आपल्या जोत्यावर जात्याची खालची तळी सापडली. वरची नाही. ती त्यांनी तिघांकडून उचलवून जीपमध्ये घातली आणि आमच्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी आणून ठेवली. सूनबाईने (म्हणजे मी) खूप प्रयत्न केले. वर काच टाकून टीपॉय केला, सासरे म्हणाले, "काच काढ, तिला श्वास घेऊं दी." कुंडी ठेवली, तीही चालली नाही. शेवटी नुसतीच आहे. पाहुणे विचारतात हे काय, आणि सासरे दीड तास. माझ्या मुलाने परवा तिच्यात खेळण्यातल्या गाड्या पार्क केल्या, त्याला मात्र काही बोलले नाहीत.

सांजवात
हे वाचून मी रंगाऱ्यांना चहा द्यायची विसरले.

म्हापशेकर
रंगाऱ्याचा नंबर दे ना. चतुर्थीआधी एक खोली तरी.

रातपाळी
मी नर्स आहे, ड्यूटी संपवून लिहिते, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मे २०२१ मध्ये मला कोविड झाला आणि वास गेला. चार महिने. वॉर्डातला फिनेल नाही, घरातली उदबत्ती नाही, सहा महिन्यांच्या मुलीच्या डोक्याचा नाही. तो गेल्याचं जास्त लागलं. जेवण म्हणजे नुसतं मीठ आणि आंबट.

मग एके संध्याकाळी सासूबाई हुमणासाठी (माशांच्या कालवणासाठी) तिरफळं ठेचत होत्या. नाकात एकदम मुंगी चावल्यासारखं झालं. म्हटलं, "आई, तिरफळ ना?" त्यांनी वरवंटा ठेवला आणि काही न बोलता ठेचलेली तिरफळं वाटीत घालून माझ्या नाकाशी धरली. मी हुंगत बसले, त्या रडत बसल्या, गॅसवर तेल तापून धूर झाला.

पूर्ण नाही आला अजून. कॉफी जळक्या रबरासारखी येते. पण तिरफळ येतं, आणि मुलीचं डोकं येतं. ती आता शाळेत जाते, डोक्याला आता मातीचाच वास.

केरीची भाची
ताई, काय लिहू. देव बरें करूं तुमच्या सासूबाईंचं.

काजूमळा
माझ्या भावालाही तसंच झालं होतं. त्याला आधी फेणीचा आला, पण ते आम्ही कुणी खरं मानलं नाही.

रातपाळी
हाहा, मीही नाही मानणार.

पेटीमास्तर
धागा उशिरा बघितला. माझी वस्तू हार्मोनियम आणि वासही तिचाच: भाता उघडल्यावर येणारा जुनं कापड, सरस आणि बुरशीचा. गोव्यात पावसाळ्यात पेटी जगवायची म्हणजे आजारी माणसाची शुश्रूषा. आमच्याकडे कपाटात चाळीसचा बल्ब लावून ठेवायचे, त्याच्या उबेने दमटपणा जायचा. आता एलईडी आणले. तो उजेड देतो पण तापत नाही, मग काय कामाचा? पेटीचे तीन सूर या आषाढात बसले. जुना पिवळा बल्ब कुठे मिळतो कुणाला माहीत आहे का? गंभीरपणे विचारतोय.

सूर: चतुर्थीची घुमट आरती. घुमट, शामेळ, कांसाळे. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं तेव्हा आनंद झाला. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आली, आता बकऱ्याचं. वडील म्हणायचे नाद तो राहिला नाही. मी म्हणतो घोरपड राहिली ना, पुरे. घुमट वाजवायच्या आधी ते उन्हात किंवा चुलीशी शेकतात, त्या गरम कातड्याचा वास आला की मला लगेच मोदक आठवतात. असे आम्ही.

जायफळ
बल्बचं मलाही पाहिजे! आमच्या आल्बमचे फोटो एकमेकांना चिकटले. लग्नातले मामा आणि मामी आता कायमचे एकत्र.

आमचो सोपो
टीव्ही. २०२१ च्या एप्रिलात मुंबईला शूटिंग बंद पडलं आणि मालिकावाले इकडे आले, आठवतं? आमच्या शेजारच्या घरात एक मालिका उतरली. आमचा सोपो त्यांना आवडला, कारण आजोबांनी घातलेला लाल कोबा आहे, पाय ठेवला की मे महिन्यातही गार. आजी नारळाच्या सोडणाने घासून घासून तो असा चकचकीत ठेवायची की त्यात कंदिलाची वात दिसे. त्या सोप्यावर नायिका तीन भाग रडली. मे महिन्यात परवानगी काढून घेतली आणि मंडळी रातोरात गेली. पुढच्या भागात नायिका तेच रडणं मार्बलवर रडत होती. आई अजून म्हणते, "आमच्याकडे बरी रडत होती."

घरातल्या आतल्या तीन खोल्यांत बाबांनी मात्र कोब्यावर चकचकीत टाइल्स घातल्या. पावसात घाम फुटतो त्यांना. मी आयुष्यभर ऐकवणार आहे.

म्हापशेकर
लाल कोबा करणारे कारागीर आहेत का अजून? आणि रंगाऱ्याचा नंबर?

म्हार्दोळ
सगळ्यांचं वाचलं, लिहायला वेळ नाही, वळेसर करायला बसलेय. जाई. म्हाळसेच्या देवळात ऑगस्टात जायांची पूजा असते, सगळं देऊळ जाईने भरतं. जाई माळताना बोटांना दोन दिवस वास राहतो, तांदूळ धुतले तरी. मुलगा म्हणतो भाताला फुलांचा वास येतोय. येऊ दे.

आणि हळदीच्या पानांचा! नागपंचमीला आम्ही पातोळ्या करतो, १५ ऑगस्टच्या फेस्ताला शेजारच्या आंटी करतात. कुंपणावरून इकडच्या तिकडे जातात. त्यांच्या जास्त गोड असतात, पण तोंडावर सांगत नाही.

केरीची भाची
कुकर झाला, परत आले. टीव्ही: काहीच नाही, आमच्याकडे टीव्हीवर काकूने विणलेला क्रोशाचा रुमाल असायचा आणि तो अर्धा पडद्यावर लोंबायचा. बातम्या देणाऱ्यांचं कपाळ मी मोठी होईपर्यंत बघितलं नव्हतं. वस्तू: तोच रुमाल.

पेटीमास्तर
बल्ब?

जायफळ
म्हापशाला जुन्या मार्केटच्या मागच्या बाजूला एका दुकानात मिळाला. साठचा आहे, चाळीसचा नाही. तीन उचलले. तुमच्यासाठी एक ठेवू?

पेटीमास्तर
ठेव बाय. पण साठचा पेटीच्या फार जवळ नको. शुक्रवारी बाजारात येतो.

म्हापशेकर
शुक्रवारी मीही असेन. सांजवात, नंबर.

सांजवात
अरे बाबा, देऊन काय करू, रंगारी आज आलाच नाही. कपाट खोलीच्या मध्यात उभं आहे, बाबा त्याला वळसा घालून बाथरूमला जातात. फोन लावला तर म्हणतो, "बाय, चवथ जातकच येतां." म्हणजे चतुर्थी झाल्यावरच!