शेवटचं पद कटलं, मग उत्तरात + १ कुठून आला?

घातांकग्रस्त:
एक बेसिक डाउट आहे, हसू नका. (१२क्ष^५ − ८क्ष^३ + ४क्ष^२) ÷ ४क्ष^२ करायचं होतं. एकेक पद भागत गेले, आधी ३क्ष^३ आलं, मग −२क्ष, आणि शेवटचं ४क्ष^२ तर खालच्या ४क्ष^२ शी अख्खंच कटलं, म्हणून तिथे काही लिहिलंच नाही. माझं उत्तर ३क्ष^३ − २क्ष, आणि पुस्तकात शेवटी + १ पण आहे. हा १ मधेच कुठून उपटला?

खडूफळा:
कटलं म्हणजे शून्य झालं असं नाही, सगळे नेमके इथेच घसरतात. ४क्ष^२ मधून ४क्ष^२ वजा केलं असतं तर शून्य, पण तुम्ही भागताय ना, कशालाही त्यानेच भागलं की १. नियमाने बघा: पाया सारखा असला की भागाकारात घातांकांची वजाबाकी, २ − २ = ०, आणि क्ष^० = १. सहगुणक (क्ष च्या आधीचा आकडा) ४ ÷ ४, तोही १. ती "काटाकाटी" शब्दच बदनाम आहे, त्यामुळे वाटतं की आकडा पुसून टाकला.
आणि एकपदीने (४क्ष^२ सारख्या एकाच पदाने) भागताना वर जितकी पदं तितकीच उत्तरात येतात (सजातीय, म्हणजे क्ष चा घातांक सारखा असलेली पदं आधी एकत्र केलेली असली तर). तुमची तीनाची दोन झाली, तिथेच शंका यायला हवी होती.

ताळा_करा:
क्ष = २ टाकून ताळा करून बघा. वर ३८४ − ६४ + १६ = ३३६, खाली १६, भागाकार २१. पुस्तकातलं उत्तर २४ − ४ + १ = २१, तुमचं २०. सोपं पडतं म्हणून क्ष = १ घेऊ नका, १ चा कुठलाही घात १ च, त्यामुळे कोणी घातांक वजा करायच्या ऐवजी भागले (क्ष^६ ÷ क्ष^२ = क्ष^३ वगैरे) तरी ती चूक सापडतच नाही.

घातांकग्रस्त:
ओह, वजाबाकी आणि भागाकाराची खिचडी केली मी 🙈 पण मग वरचा घातांक लहान असला तर? ६क्ष ÷ ३क्ष^२?

खडूफळा:
नियम तोच, १ − २ = −१, म्हणजे २क्ष^(−१), म्हणजेच २/क्ष. उत्तर बरोबरच आहे, फक्त त्याला बहुपदी म्हणता येत नाही, बहुपदीत घातांक ऋण चालत नाही. आणि हे सगळं क्ष शून्य नसेल तरच हं.