हृदयाला 19 नळ्या? उठावाच्या आकृतीचं काय चुकलं?

आठवीची विज्ञानबाई:
वर्गात यंदा एक पूर्ण अंध मुलगी आहे. हृदयाचा धडा आला म्हणून पुस्तकातली आकृती फुगणाऱ्या कागदावर छापली. यंत्रातून काढला की काळी शाई उष्णता शोषते आणि तेवढाच भाग वर येतो. रेघा हाताला छान लागत होत्या. तिनं बराच वेळ बोटं फिरवली आणि विचारलं, "बाई, हृदयाला 19 नळ्या असतात?" बघते तर निम्म्याहून जास्त नावांकडे जाणाऱ्या रेघा! आता थ्री-डी प्रिंटर घ्यावा का? शाळा एकदाच खर्च करेल.

जन्मांध, रसायनशास्त्रवाला:
मोजणी बरोबर आहे, आकृती चुकली. डोळ्याला आधी अख्खं चित्र दिसतं, मग बारकावे. आम्हाला एकेक तुकडा जोडत चित्र उभं करावं लागतं, त्यात बाणाची रेघ आणि रोहिणी बोटाला सारखीच. नावांच्या रेघा काढून टाका. जागेवर ब्रेलचं एकच अक्षर ठेवा, खुलासा वेगळ्या पानावर. ब्रेलच्या अक्षरात शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण 2.5 मिलिमीटर अंतर असतं; रेघांमध्ये निदान तेवढं तरी सोडा. आणि झेरॉक्सचा करडा डाग आधी खोडा, तोही फुगतो! शाळेत अशाच एका डागाला मी दोन दिवस पेशीकेंद्रक समजत होतो.

पण कागदाच्या आधी हातात वस्तू द्या. गेरात वेरमाय हे जीवशास्त्रज्ञ लहानपणापासून अंध; शंखांवर खेकड्यांनी केलेल्या आणि नंतर भरून आलेल्या जखमा त्यांनी बोटांनीच वाचल्या.

प्रयोगशाळा सहायक:
प्रिंटर घ्या, पण छापलं की लगेच देऊ नका. थरांच्या बारीक कडा राहतात, त्या बोटाला स्नायूंचे धागे वाटतात. पॉलिश पेपरनं घासा. आतला भाग दाखवायचा तर दोन फाका करून चुंबकानं जोडा.

जन्मांध, रसायनशास्त्रवाला:
हे अगदी खरं. आणि एक, मॉडेल तिला छातीशी धरायला सांगा. पुस्तकात डावं हृदय उजवीकडे का, यावर माझा अख्खा तास गेला होता.

आठवीची विज्ञानबाई:
प्रिंटरचा निर्णय अजून व्हायचाय. तोवर मातीचं अर्धं हृदय केलं, डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड ठेवली. त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिनं ते छातीशी धरलं, मग दोन्ही भिंती चिमटीत पकडून पाहिल्या आणि म्हणाली, "ही बाजू लांब ढकलते वाटतं?" डोळस मुलांनी ती आकृती दोनदा काढलीय, एकानंही विचारलं नव्हतं.