६०० चौरस फुटांच्या लॉनला दोन ब्रास माती? नाही पुरणार
वर एकांनी ६०० चौरस फुटांच्या लॉनला दोन ब्रास (म्हणजे २०० घनफूट) लाल माती पुरेल म्हटलंय. चार इंच थर असेल तर ठीक, पण धागाकर्त्यांना सहा इंच हवाय. ६०० गुणिले अर्धा फूट म्हणजे ३०० घनफूट. ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे तीन ब्रास. शिवाय भुसभुशीत माती पाणी पिऊन बसते. पाथर्डी फाट्याजवळ आमच्या बागेत मी नेमके तीनच मागवले, पावसाळ्यानंतर थर इंचभर खाली! म्हणून साडेतीन सांगा. शेणखत मिसळणार असाल तर तेही यातच धरा. आणि हो, ट्रॉली रिकामी होण्याआधी तिचा हौदा (माती भरतात तो भाग) टेपने मोजा, म्हणजे माती पुरी आली का कळेल. भरलेली उंची कडेला बघा, मधल्या ढिगावर जाऊ नका.